कोणता उजेड निवडावा

स्मार्ट दुर्बीण घरात आली की पहिले काही दिवस माणूस अधाशी होतो. मोबाइलवर एखाद्या नावाला बोट लावायचं. दुर्बीण आपली आपण वळते, समोरचे तारे जवळच्या नकाशाशी ताडून पाहते, नेम दुरुस्त करते आणि दहा-दहा सेकंदांची छायाचित्रं घेऊन एकावर एक रचू लागते. पाच मिनिटांत मृगातला तेजोमेघ, पुढच्या पाच मिनिटांत देवयानी दीर्घिका, मग कृत्तिका, मग खेकडा तेजोमेघ. जेवणाआधी गच्चीवर गेलेला माणूस तासाभरात विश्व उरकून खाली येतो. पुढच्या महिन्यात दुर्बीण माळ्यावर जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांत अशा माळ्यावर गेलेल्या दुर्बिणी मी पाहिल्या आहेत. त्यांचे मालक काही आळशी नव्हते. त्यांचं सगळं पाहून झालं होतं, एवढंच.

दोष यंत्राचा नाही, असं मला वाटतं. यंत्रानं शोधण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि निवडण्याचं आपल्यावर सोडलं. हे दुसरं काम आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण त्याची गरजच पडली नव्हती. पूर्वी शोधण्यातच रात्र सरायची. १९८५ साली सुरू झालेल्या खगोल मंडळाच्या, वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्री, किंवा कल्याणच्या आकाश मित्र मंडळाचे कार्यक्रम ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कर्जत लोकल पकडायची, सोबत सतरंजी, स्वेटर, डबा, आणि विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद. ओळखीच्या ताऱ्यावरून कमी ओळखीच्या ताऱ्यावर, तिथून दोन बोटं उजवीकडे, असं करत दुर्बीण हातानं सरकवायची. नेत्रिकेत अखेर एक राखाडी डाग उमटे. मग कुणी जाणता सांगे, नजर थोडी बाजूला ठेवून बघा. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेच्या भागाला मंद उजेड जास्त कळतो, म्हणून हा सल्ला. तिथे जे सापडेल तेच पाहायचं, आणि सापडायला कष्ट पडले म्हणून ते वर्षानुवर्षं लक्षात राहायचं.

आता सगळंच सापडतं. म्हणून काय पाहावं हा प्रश्न पहिल्यांदाच खरा झाला आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना आधी आपल्या आकाशाशी प्रामाणिक व्हावं लागतं.

जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकानं २००१ साली आकाशाच्या काळोखाची एक ते नऊ अशी श्रेणी मांडली. एक म्हणजे निबिड काळोख, नऊ म्हणजे महानगराचा मध्य. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा पट्टा या श्रेणीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहे. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली; तिथलं आकाश आणि आपलं आकाश यांच्यातलं अंतर आकड्यांत मांडलं तर दचकायला होतं. काळोख्या जागेपेक्षा शहरातल्या आकाशाची पार्श्वभूमी सुमारे चार प्रतींनी (प्रत म्हणजे तेजाचं माप) उजळ असते. चार प्रती म्हणजे जवळजवळ चाळीस पट. छायाचित्रं एकावर एक रचण्याच्या गणितात याचा अर्थ सरळ निघतो: एखादी अंधूक दीर्घिका जंगलात एका तासात जितकी स्वच्छ उमटेल, तितकी उमटायला इथे चाळीस तास लागतील. रोज दोन तास धरले तरी वीस रात्री, त्याही निरभ्र आणि बिनचंद्राच्या. तासात दहा वस्तू पाहणाऱ्याला दहाही वस्तू दिसत नाहीत, त्यांची ओळखपरेड तेवढी होते.

पण सगळा उजेड एका प्रकारचा नसतो. निवडीचं मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

२०२३ साली बाजारात आलेली ‘सीस्टार एस-५०’ ही या पिढीतली सर्वांत परिचित दुर्बीण घ्या. ५० मिलीमीटरचं भिंग, २५० मिलीमीटरचं नाभीय अंतर, वजन जेमतेम अडीच किलो. तिच्या पोटात एक गाळणी आहे. ती प्रकाशाच्या दोनच पट्ट्या आत सोडते. एक ६५६ नॅनोमीटरच्या आसपासची, तापलेल्या हायड्रोजनची लाल. दुसरी ५०१ च्या आसपासची, ऑक्सिजनची हिरवट निळी. तेजोमेघांतला वायू नेमका याच रंगांत झळाळतो. जुने सोडियमचे दिवे पिवळ्या-नारिंगी रंगाच्या थोड्या पट्ट्यांतच उजेड टाकायचे, तेवढ्या कापल्या की काम व्हायचं. रस्त्यांवर आता पांढरे एलईडी आले. त्यांचा उजेड साऱ्या इंद्रधनुष्यभर पसरलेला. तो कापायचा तर काय काय कापणार? म्हणून उलटा मार्ग: सगळं बंद करायचं आणि दोनच फटी उघड्या ठेवायच्या. त्या फटींतून तेजोमेघ आत येतो, महापालिकेचा दिवा बहुतांशी बाहेर राहतो.

दीर्घिकेचं असं नाही. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मिळून झालेला उजेड, सगळ्या रंगांचा. गाळणी लावली तर दिव्याबरोबर तीही कापली जाते. कृत्तिकांभोवतीची निळसर धूळही तशीच. ती स्वतः झळाळत नाही, ताऱ्यांचा उजेड परतवते. तेव्हा डोंबिवलीच्या गच्चीवर ‘ही वस्तू किती तेजस्वी?’ या प्रश्नाआधी ‘हिचा उजेड कशाचा?’ हा प्रश्न येतो.

यातल्या हिरव्या पट्टीशी महाराष्ट्राचं एक जुनं नातं आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ च्या सुमारास तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. तेजोमेघांच्या वर्णपटात ही हिरवी रेषा ठळक दिसे, पण ती कशाची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचं म्हणणं होतं की ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड असावी. तसं असतं तर रेषा एका बाजूनं पसरट दिसायला हवी. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची रेषा तपासली आणि ती रेखीव असल्याचं १८९१ साली प्रसिद्ध केलं. पुढे या अज्ञात द्रव्याला ‘नेब्युलियम’ असं नाव पडलं आणि ते काही दशकं टिकलं. १९२७ साली आयरा बोवेन यांनी उलगडा केला: नवं मूलद्रव्य वगैरे काही नाही, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला हा आपला साधा ऑक्सिजन. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतल्या निर्वातापेक्षाही तो तिथे इतका विरळ पसरलेला असतो की एरवी न होणारी गोष्ट होते आणि ही रेषा उमटते. पुण्याची वेधशाळा १९१२ साली बंद झाली, दुर्बीण कोडईकनालला गेली. जी रेषा पाहण्यासाठी त्या काळी संस्थानिकाची देणगी लागली, ती आज खांद्यावरच्या पिशवीत मावणाऱ्या यंत्राच्या गाळणीतून येते. ती येते हे बहुतेक मालकांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

यादीतली प्रतही फसवते. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका ५.७ प्रतीची, स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ एम ५७ हा ८.८ प्रतीचा. आकडा लहान तितकी वस्तू तेजस्वी, या हिशेबानं पहिली कितीतरी सोपी वाटते. प्रत्यक्षात शहरातून ती जवळजवळ नाहीच, आणि कंकण पहिल्याच छायाचित्रात टिपक्यासारखं उठून दिसतं. तेवढंच तूप एका भाकरीवर घातलं तर दिसतं, दहा भाकऱ्यांवर फासलं तर कुठे गेलं कळत नाही. एम ३३ पूर्ण चंद्राच्या दुपटीहून लांब पसरली आहे, तिचा उजेड तेवढ्यात विखुरला आहे. म्हणून शहरातल्या माणसानं दीर्घिका निवडायचीच तर घट्ट, गाभ्याशी उजळ अशी निवडावी: सप्तर्षीतली एम ८२, कन्येतली एम १०४. अर्थात घट्टपणालाही मर्यादा आहे. या दुर्बिणीची चौकट साधारण १.३ अंश गुणिले ०.७ अंश, म्हणजे तिच्या लांबीत दोन पूर्ण चंद्र सहज मावतील. त्यात कंकण पस्तीसेक ठिपक्यांएवढं उमटतं, आणि देवयानी दीर्घिका एका चौकटीत मावतच नाही. शौरीतला तारकागुच्छ एम १३ मात्र चौकटीसाठी मापून घेतल्यासारखा बसतो. गोलाकार तारकागुच्छ हे एकंदरीतच शहराचे सोबती. तारे ठिपके असतात. पसरलेल्या उजेडासारखे ते आकाशाच्या उजेडात विरघळत नाहीत.

मग यादी कुणाची वापरायची? बहुतेक जण मेसिएची वापरतात; वरच्या नावांतला ‘एम’ त्याचाच. शार्ल मेसिए हा पॅरिसचा धूमकेतू शोधणारा. धूमकेतूसारख्या दिसून वेळ खाणाऱ्या वस्तूंची त्यानं १७७४ साली छापलेली ४५ वस्तूंची यादी पुढे वाढून ११० वर गेली. म्हणजे जगभरचे हौशी लोक जी यादी पुरी करायला धडपडतात ती मुळात टाळायच्या गोष्टींची आहे. पण माझी तक्रार दुसरी आहे. पॅरिस ४९ अक्षांशावर, आपण १९ वर. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा सर्वांत भव्य गोलाकार गुच्छ, त्यात सुमारे एक कोटी तारे. पॅरिसच्या क्षितिजावर तो उगवतच नाही, म्हणून मेसिएच्या यादीत नाही. एडमंड हॅलेनं त्याची नोंद १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून केली. आपल्याकडे तो मे महिन्याच्या संध्याकाळी दक्षिणेला २३ अंश वर येतो. कुंभ राशीतला हेलिक्स तेजोमेघ पॅरिसहून २० अंश, इथून ५० अंश. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास रात्री नऊला तो दक्षिणेला असतो, त्याचा उजेडही गाळणीला मानवणारा. एनजीसी २५३ ही कॅरोलिन हर्शेलनं १७८३ साली शोधलेली दीर्घिका मेसिएकडे नाही आणि आपल्याकडे ४५ अंश वर. उत्तरेकडच्यांनी केलेली यादी डोळे झाकून वापरली तर दक्षिणेचं हे ताट वाढलेलं असून आपण उपाशी राहतो. ॲपमधली ‘आज रात्रीची निवड’ त्यापेक्षा शहाणी असते, पण तुमच्या दक्षिणेला बावीस मजली टॉवर झालाय हे तिला माहीत नसतं.

डोक्यावरच्या वस्तूंचं वेगळंच. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ एम ४४ कल्याणच्या माथ्यापासून अर्ध्या अंशाच्या आतून जातो. वस्तू माथ्यावर असली की तिच्याखाली हवा सर्वांत कमी, म्हणून पुस्तकं सांगतात, माथ्यावरचं निवडा. ही छोटी यंत्रं मात्र आडवी-उभी फिरतात. माथ्याजवळ त्यांना गरकन वळावं लागतं, आणि चित्रही चौकटीत भराभर फिरतं. वस्तू नेमकी पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तेव्हा हे फिरणं सर्वांत कमी. पूर्वाभिमुख फ्लॅटसाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांना इथे एक अनपेक्षित परतावा मिळतो. यंत्र ध्रुवाकडे कलतं करून हा दोष घालवता येतो खरा, पण १९ अक्षांशावर कलतं करायचं म्हणजे जवळजवळ आडवंच निजवायचं.

आणि पाऊस. आकाशगंगेचा सर्वांत समृद्ध भाग धनू-वृश्चिकात आणि आसपास. एम ८, एम १७, एम १६, सगळे झळाळणारे तेजोमेघ, गाळणीसाठी जणू नेमून दिलेले. ते संध्याकाळी उत्तम जागी येतात जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा आपल्या डोक्यावर मोसमी ढग. त्यांना गाठायचं तर एप्रिलच्या अखेरीस पहाटे चारला, पहिल्या लोकल सुटायच्या सुमारास गच्चीवर जावं. एम ८ तेव्हा दक्षिणेला ४६ अंश वर असतो. नाहीतर पाऊस ओसरल्यावर सूर्यास्तानंतरची जी थोडी फट मिळते ती साधावी. आश्विनातली अमावास्या खरं तर सोन्यासारखी रात्र, पण ती फटाक्यांच्या धुरात जाते. पंचांगाचा मात्र उपयोग आहे: शुद्ध पक्षात गाळणीचे तेजोमेघ घ्यावेत, त्यांना चांदणं बऱ्यापैकी सोसतं, दीर्घिका वद्य पक्षासाठी राखून ठेवाव्यात.

इथवरचं सगळं काय दिसेल याबद्दल झालं. काय पाहावं हा प्रश्न त्यानंतर उरतोच.

सुंदर दिसेल ते पाहावं, हे उत्तर आता पुरेसं नाही. सुंदर चित्रं हबलनं काढून ठेवली आहेत आणि आपलं ५० मिलीमीटरचं भिंग त्यांच्या वाटेला जाऊ शकत नाही. काही जुने निरीक्षक म्हणतात की पडद्यावर पाहणं हे निरीक्षणच नव्हे, दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्या डोळ्यात शिरला पाहिजे. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. वांगणीच्या नेत्रिकेतल्या राखाडी डागात जे होतं ते मोबाइलवर नाही. पण मृगाच्या पोटातल्या बाणाचा पूर्वेकडचा तारा घ्या. त्याच्या शेजारचं अश्वमुख, म्हणजे घोड्याच्या डोक्यासारखं दिसणारं काळ्या धुळीचं रूप, विल्यमिना फ्लेमिंग यांनी १८८८ साली हार्वर्डच्या छायाचित्राच्या काचेवर पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांनी ते दिसावं म्हणून लोकांनी मोठ्या दुर्बिणींवर हिवाळेच्या हिवाळे घालवले. गाळणी लावून ते आज डोंबिवलीहूनही हळूहळू आकार धरतं. त्याला निरीक्षण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

माझं उत्तर असं की जिच्याबद्दल आपल्याला काही माहीत आहे, किंवा माहीत करून घ्यायचं आहे, ती वस्तू निवडावी; मग ती दिसायला कशीही असो. कन्या राशीतली एम ८७ ही दीर्घिका दिसायला निव्वळ कंटाळवाणी: एक गोल, धूसर गोळा, ना बाहू ना रंग. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जाहीर झालं ते हिच्याच गाभ्यातलं. तिचा उजेड निघाला सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी. कल्याणहून दिसणारा मलंगगड ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो दख्खनचा लाव्हा वाहिला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा हा दगड थिजून साधारण एक कोटी वर्षं झाली होती. वद्य पक्षातल्या रात्री गच्चीवरून दोन्हींकडे एकाच वेळी तोंड करता येत नाही, पण हिशेब एकाच वहीत मांडता येतो.

त्याहून पुढे जायचं तर एक ठिपका आहे, ३सी २७३. दुर्बिणीत तो साध्या ताऱ्यासारखा दिसतो, आजूबाजूच्या ठिपक्यांत नकाशा हाती धरून ओळखावा लागतो. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातलं ताम्रसृतीचं, म्हणजे रेषा लाल टोकाकडे सरकण्याचं, कोडं सोडवलं आणि क्वासार, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे पण तारे नसलेले ठिपके, हे प्रकरण सुरू झालं. त्याच वर्षी जयंत नारळीकर केंब्रिजला डॉक्टरेट पुरी करत होते. पुढे क्वासारच्या ताम्रसृतीचा अर्थ फक्त अंतर असाच घ्यायचा का, हा अवघड प्रश्न प्रस्थापित मताविरुद्ध जाऊन विचारणाऱ्यांत ते होते. अजित केंभावी यांच्यासह त्यांनी लिहिलेला क्वासारवरचा ग्रंथ १९९९ साली केंब्रिजनं छापला. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. सर्वमान्य मतानुसार त्या ठिपक्याचं अंतर २०० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक आहे. ठिपका असल्यामुळेच शहराचा उजेड त्याला फारसा गिळू शकत नाही, सुमारे १२.९ प्रतीचा हा बिंदू गच्चीवरच्या लहान यंत्राच्या आवाक्यात येतो. तासात दहा वस्तू उरकणाऱ्याला त्यात बघण्यासारखं काही सापडणार नाही.

माळ्यावरची दुर्बीण खाली काढायची असेल तर एप्रिल-मेच्या वद्य पक्षातली रात्र धरा, जेवण उरकून नऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर जा. ३सी २७३ चे विषुवांश १२ तास २९ मिनिटं, क्रांती उत्तर २ अंश ३ मिनिटं. ॲपच्या यादीत हे नाव सापडलं नाही, तर आकडे हातानं भरा.